साठ टीएमसीच्या पलीकडची गोदावरी

६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात गोदावरीच्या पाण्याचा करार झाला. पैठणच्या धरणापर्यंतचे गोदावरीचे आणि सिद्धेश्वरच्या धरणापर्यंतचे पूर्णेचे सगळे पाणी महाराष्ट्राने वापरावे. त्याखाली, थेट आता तेलंगणात असलेल्या पोचमपाडच्या धरणापर्यंतच्या पट्ट्यात मात्र नव्या प्रकल्पांसाठी साठ टीएमसीची मर्यादा पाळावी, असे त्यात ठरले. बच्छावत लवादाच्या १९८० च्या निवाड्यात हा करार कायम झाला. परभणी जिल्ह्यातून वाहणारी गोदावरी नेमकी या मधल्या पट्ट्यात येते. तिचे आजचे रूप, म्हणजे पाथरीपासून पालमपर्यंत एकामागे एक थबकलेले पाणी, या करारातल्या दोन-तीन ओळींनी ठरवले आहे. वरचे पाणी पैठणला अडले आणि खालचे वेळेत अडवले नाही तर तेलंगणात जाणार, तेव्हा मधल्या लोकांनी आपल्या वाटचे साठ टीएमसी दाराशीच अडवून धरायचे, असे ते गणित आहे.

गणित म्हणून त्यात चूक काढता येत नाही. तक्रार आहे ती गेल्या पन्नास वर्षांत परभणीत, आणि एकूणच मराठवाड्यात, गोदावरीबद्दल या गणितापलीकडे काही बोललेच गेले नाही याची. किती दलघमी साठा, किती टक्के, किती क्युसेक विसर्ग, किती आवर्तने हे आकडे पावसाळ्यात रोज छापून येतात आणि शेतकरी ते तोंडपाठ म्हणून दाखवतो. नदीत पाण्याशिवाय वाळू असते, डोह असतात, मासे, कासवे, पाणपक्षी असतात. त्यांचा आकडा कोणी विचारत नाही, आणि ज्याची मोजदाद नाही ते गेले तरी बातमी होत नाही.

आधी नदीचा भूगोल पाहू. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरवर आहे. पण दख्खनचे पठार पूर्वेकडे कलते, म्हणून ती पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिकच्या घाटमाथ्यावरचा भरपूर पाऊस तिच्या वाट्याला येतो तो पहिल्या काही किलोमीटरांतच. पुढे नेवासे, पैठण, शहागड हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. माजलगाव तालुक्यात मंजरथला सिंदफणा मिळते आणि नदी परभणीच्या अंगणात येते. पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा अशी जिल्ह्याच्या दक्षिणेकडून वळणे घेत ती नांदेडकडे जाते. इथे उतार मंद, काठ उंच आणि काळ्या मातीचे आहेत. काठावरची माणसे तिला गंगाच म्हणतात; पूर आला की ‘गंगा आली’ एवढेच सांगतात.

जिल्ह्याची उत्तरेची नदी म्हणजे पूर्णा. ही अजिंठ्याच्या डोंगरातून निघणारी दक्षिणेकडची पूर्णा. विदर्भातून जाऊन तापीला मिळणारी पूर्णा वेगळी. जालना, बुलढाणा, मग जिंतूरचा डोंगराळ भाग, हिंगोलीची कड असे सुमारे पावणेचारशे किलोमीटर येऊन, वाटेत दुधनेला घेऊन, ती पूर्णा तालुक्यात कंठेश्वरजवळ गोदावरीला मिळते. गोदावरी पठारावरून सुस्तपणे येते, पूर्णा डोंगरातून धावत येते. संगमाखालच्या गोदावरीला गाळ, वाळू आणि पूर या दोघींचा मिळून येई. परभणी जिल्हा हा खरे तर या दोन नद्यांमधला दोआब आहे. उत्तरेत गंगा-यमुनेच्या दोआबाबद्दल शाळेत धडा असतो, आपल्या दोआबाची ओळ भूगोलाच्या पुस्तकात शोधावी लागते.

या नदीची आठवण फार मागे जाते. पाथरीहून माजलगावकडे जाताना ढालेगावला महामार्ग गोदावरी ओलांडतो. तिथल्या काठाचा पावसाने तुटलेला कडा जवळून पाहावा. वर हात-दोन हात काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळाचे थर, त्यांत चुनखडीचे पांढरे खडे आणि तळाशी एकमेकांना घट्ट चिकटलेले गोटे दिसतात. हे गोटे आणि हा गाळ हजारो, काही ठिकाणी लाखो वर्षांपूर्वीचा. ढालेगावच्या परिसरातून प्राचीन प्राण्यांचे जीवाश्म अभ्यासकांनी नोंदवले आहेत. वर नाशिककडे नांदूर मधमेश्वरजवळ भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी १९०५ साली एका अवाढव्य हत्तीची कवटी प्रसिद्ध केली. पॅलिओलोक्सोडॉन नामाडिकस ही ती जात. जमिनीवर चाललेल्या सर्वांत मोठ्या सस्तन प्राण्यांत तिची गणना होते. त्याही आधी, १८६५ च्या सुमारास, पैठणजवळ मुंगी इथे वाईन यांना हाडे असलेल्या थरात अकीकाचा एक छिलका सापडला होता. तो माणसाने घडवलेला होता, म्हणजे हत्तीही होते आणि माणूसही. लातूरकडे मांजरेच्या काठी, हारवाडीच्या परिसरात, पाणघोड्याची आणि मगरीची हाडे निघाली आहेत. आज नैसर्गिकरीत्या फक्त आफ्रिकेत उरलेला पाणघोडा एके काळी मराठवाड्याच्या डोहांत डुंबत होता. पाणघोड्याला बाराही महिने खोल पाणी आणि काठावर भरपूर गवत लागते. ही हाडे त्या काळच्या नदीचा जबाबच देतात.

हवामान बदलले, पाऊस घटला-वाढला, नदीने कधी गाळ साठवला, कधी तोच गाळ कापून ती खोल गेली. पाणघोडा गेला, महाकाय हत्ती गेला. नदी बदलतच नाही असे म्हणणाऱ्याला हा कडा खोटे पाडतो. पण त्या एकेका बदलाला हजारो वर्षे लागली. आपण केलेला बदल दोन पिढ्यांत उरकला आहे.

लिखित पुरावा सुरू होतो तो सातवाहनांपासून. हाल राजाच्या नावावरची ‘गाथासप्तशती’ ही महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यात गोदावरीचा काठ, काठावरच्या दाट जाळ्या आणि त्या जाळ्यांत भेटणारी माणसे पुन्हा पुन्हा येतात. त्यातल्या एका गाथेत एक बाई फुले तोडायला येणाऱ्या धार्मिक गृहस्थाला सांगते, की बाबा, आता निर्धास्त फिर, तुला त्रास देणाऱ्या कुत्र्याला गोदाकाठच्या जाळीतल्या सिंहाने मारले. पुढे काव्यशास्त्रात हे ध्वनीचे अगदी ठेवणीतले उदाहरण झाले, कारण बाईला म्हणायचे असते नेमके उलटे: इकडे फिरकू नकोस, ही आमची भेटायची जागा आहे. आता या गाथेवरून गोदावरीकाठी सिंह होते असे सिद्ध करणारे लोक मला भेटले आहेत. बाई खोटे बोलते आहे, हाच तर त्या गाथेचा जीव! तिच्या खोट्यातून एवढे मात्र खरे निघते, की नदीकाठी सिंह लपू शकेल इतकी दाट जाळी आहे, यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसत होता. आज ढालेगावच्या पुलावर उभे राहून कोणी अशी थाप मारली, तर ऐकणारा आधी जाळी कुठे आहे ते विचारेल.

मधल्या शतकांत नदी ही वाट होती, तीर्थ होती आणि सरहद्दही होती. चक्रधरस्वामींचे बरेच फिरणे गोदाकाठाने झाले. गंगाखेड जनाबाईंचे गाव. तिथे नदीकाठी त्यांचे मंदिर आहे. मुदगलला मुद्गलेश्वराचे देऊळ तर नदीच्या पात्रातच उभे आहे, पुरात चहूबाजूंनी पाण्यात. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे मूळ पाथरीचे, ब्राह्मण कुळकर्ण्यांचे, अशी परंपरा आहे. त्या पाथरीसाठी निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही एकमेकांशी लढली, बुऱ्हाण निजामशहाने १५१८ साली ती घेतली. पुढे अकबराच्या कारकिर्दीत पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार म्हणून ‘आईन-इ-अकबरी’त नोंदले गेले. राज्ये बदलली, महसुलाची हद्द सरकली. पात्रात कोणी हात घातला नाही. तेवढे सामर्थ्य कोणाकडे नव्हते हेही खरे.

त्या जुन्या नदीचे वर्ष कसे असे, हे साठी-सत्तरीतल्या कोणत्याही काठावरच्या माणसाला विचारावे. जून-जुलैत पहिला गढूळ लोंढा, श्रावण-भाद्रपदात दोन-तीन मोठे पूर, दिवाळीपर्यंत पाणी निवळलेले. होळीनंतर धार बारीक होत जाई आणि पात्राच्या दोन्ही बाजूंना वाळवंट उघडे पडे. त्या वाळूत कहार-भोई टरबूज, खरबूज, काकडीच्या वाड्या लावत. वाळूत हातभर खड्डा केला की पाणी लागे. वैशाखात धार तुटली तरी डोह राहत. प्रत्येक गावाच्या डोहाला नाव असे, आणि कोणत्या डोहात उन्हाळ्यात मरळ आणि वाम दडतात हे भोयांना पाठ असे. पुढच्या पावसाळ्यात हेच मासे पुराबरोबर वर चढून अंडी घालायला नाल्या-ओढ्यांत शिरत. डोह हे नदीचे बियाणे होते. सुगीत सगळे धान्य खाऊन न टाकता शेतकरी बी राखतो, तसे नदीने ते राखलेले असे.

मग धरणे आली. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही जोडी १९५८ ते १९६८ या दशकात उभी राहिली. येलदरीला साडेबावीस मेगावॉटचे वीजघरही झाले. गोदावरीवर जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. धरण पैठणला असले, तरी नाव बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाचे. मूळ विचार तिथे धरण बांधण्याचा होता, जागा वर सरकली आणि नाव मागे राहिले. एकशे दोन टीएमसीचा त्याचा जलाशय नाथसागर आणि तिथून परभणीकडे येणारा २०८ किलोमीटरचा डावा कालवा, यांनी जिल्ह्याची शेती बदलली. कोरडवाहू ज्वारी-कापसाच्या गावांत ऊस दिसू लागला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या माणसांच्या दारात कालवा आला, हे लक्षात न घेता धरणांवर टीका करणे हा शहाणपणा नव्हे. मी ती करणार नाही.

कालवा आला, पण नदी आटली. नाथसागर भरेपर्यंत खाली थेंब नाही, आणि भरला की एकदम लाखभर क्युसेक, असे पैठणच्या खालच्या गावांचे नशीब झाले. ऑगस्ट २००६ मध्ये आणि अगदी अलीकडे सप्टेंबर २०२५ मध्ये याच काठाने पुराचा तडाखा सोसला. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेही याच खोऱ्यात. अशा स्थितीत उरलेल्या पाण्याची साठवण पात्रातच करावी, म्हणून उच्च पातळी बंधाऱ्यांची साखळी आली. वर जालना-बीडच्या हद्दीत राजाटाकळी, लोणी सावंगी. परभणीत ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल, मुळी, डिग्रस. खाली नांदेडकडे विष्णुपुरी आणि शेवटी वादाचा बाभळी. दारे सप्टेंबर-ऑक्टोबरात टाकायची, पाणी पात्रातच अडवायचे, काठावरच्या मोटारींनी उपसायचे. धरणासारखी गावे उठवावी लागत नाहीत, हा त्याचा मोठा गुण.

या पाण्यावरून भांडणे किती झाली! नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला न्याय्य वाटा मिळावा म्हणून मराठवाड्याने २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या कलमाचा आधार घेतला. मेंढेगिरी समिती बसली, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २०१४ चा आदेश आला, उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो उचलून धरला. बाभळीचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने बंधारा राहिला, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारे उघडी ठेवायची आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे, ही अट घालून. डिग्रसचे पाणी पालमच्या शेताला की विष्णुपुरीत सोडून नांदेडच्या नळाला, यावर उन्हाळ्यात वाद पेटतो. प्रत्येक भांडणात आपला युक्तिवाद एकच असतो: वरच्याने सगळे अडवू नये, खालच्याचाही हक्क आहे. युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त तोच आपण नदीच्या बाबतीत मानत नाही. ढालेगावच्या दारांखाली तारूगव्हाणच्या फुगवट्यापर्यंत उन्हाळ्यात जे कोरडे पात्र पडते, त्याच्या दृष्टीने आपण ‘वरचे’ होतो आणि तेच करतो, जे नगर-नाशिकने आपल्याशी केले म्हणून आपण न्यायालयात गेलो.

बंधाऱ्याने नेमके काय होते ते पाहू. वाहत्या पाण्यात प्राणवायू मिसळतो, तळाशी वाळू आणि गोटे स्वच्छ राहतात, त्यांवर वाढणारे शेवाळ-किडे खाऊन मासे जगतात. पाणी थांबले की गाळ तळाशी बसतो, वाळू खाली गाडली जाते, पाणी तापते. मग जलपर्णी पसरते, काठाला बेशरम आणि वेडी बाभूळ माजते. दारे चढून जाणे माशाला शक्य नसते. ठेकेदार किंवा मच्छीमार संस्था बंधाऱ्यात कटला, रोहू, मृगळाची बोटुकली सोडतात, ती वाढतात, विकली जातात. त्याच पाण्यात तिलापियाही घुसते आणि बंदी असलेला आफ्रिकन मांगूरही सापडतो. बाजारात मासा दिसतो म्हणून नदी ठीक आहे असे वाटते, पण तो तळ्याचा मासा असतो. ही गोष्ट परभणीत नवीन असली, तरी गोदावरीला नवीन नाही. आर्थर कॉटन यांनी खाली राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये पुरा केला. समुद्रातून अंडी घालायला नदीत चढणाऱ्या हिलसाची वाट तिथे अडली. उत्तरेत गंगेवर फराक्का १९७५ मध्ये सुरू झाला, आपला करार झाला त्याच वर्षी. पूर्वी अलाहाबादपर्यंत पोचणारा हिलसा त्यानंतर वर दिसेनासा झाला. एका बंधाऱ्याने एवढे होते, तर आपल्याकडे एका जिल्ह्यात पाच आहेत.

दुसरा घाव वाळूचा. ‘वाळूचे धक्के’ हा शब्द परभणीत लहान मुलालाही कळतो. लिलाव, ट्रॅक्टर, हायवा, रात्री तराफ्यांवरून उपसा, महसूलच्या पथकाशी पकडापकडी, हे जिल्ह्याच्या बातम्यांचे कायमचे पान आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपककुमार प्रकरणात गौण खनिजालाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली. राज्याने २०२३ मध्ये सहाशे रुपये ब्रासने सरकारी डेपोतून वाळू देण्याचे धोरण आणले. धोरणांचा रोख वाळूचा भाव आणि चोरी यांवर राहिला. पैठण आणि येलदरीच्या भिंतींमागे वाळू अडते, तेव्हा खाली नवी वाळू येणार कुठून, हा साधा प्रश्न कोणत्या लिलावाच्या अटीत आहे? आपण काढतो ती वाळू जुनी, पुन्हा न भरणारी. ती गेली की पात्र खोल जाते, आणि काठच्या विहिरींचे पाणी नदीकडे ओढले जाते. ज्या पाण्यासाठी आपण भांडतो तेच वाळूबरोबर उपसले जाते.

वाळूवर कोण जगते, हे उन्हाळ्यात काठावर गेले की दिसते. नदी सुरय हा पक्षी कबुतराहून सडपातळ. डोक्यावर काळी टोपी, पिवळी धमक चोच, दुभंगलेले लांब शेपूट. मार्च ते मे हा त्याच्या विणीचा काळ. घरटे म्हणजे उघड्या वाळूत छातीने घासून केलेला तळहाताएवढा खळगा, त्यात दोन-तीन अंडी. अंड्यांचा रंग मातकट, वर तपकिरी ठिपके; वाळूत अशी मिसळतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. परभणीचे ऊन एप्रिल-मेत चाळीसच्या वर जाते. तेव्हा मादी अंडी उबवत नसते, ती त्यांच्यावर सावली धरते. मधूनच उडून पाण्याला पोट टेकवते आणि ओल्या पिसांनी परत येऊन अंडी गार करते. त्यासाठी जवळ पाणी हवे, आणि ते मधल्या वाळूच्या बेटाला वेढून असायला हवे, म्हणजे कुत्री-कोल्हे चालत येत नाहीत. हे गणित दोन्ही बाजूंनी बिघडते. धार आटली की बेट काठाला चिकटते आणि कुत्री पोचतात. वरून उन्हाळी आवर्तन नदीपात्रात सोडले की एका रात्रीत बेट पाण्याखाली जाते. जगाच्या यादीत नदी सुरय आता ‘असुरक्षित’ गटात नोंदवला आहे.

त्याच वाळूच्या काठाला एक कासव अंडी पुरते. लीथचे मऊ पाठीचे कासव, १८७२ मध्ये ग्रे यांनी वर्णन केलेले, मुंबई सैन्यातल्या डॉक्टर अँड्र्यू लीथ यांच्या नावाचे. दक्षिण भारताच्या नद्यांबाहेर ते जगात कुठे नाही. आज ते अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि २०२२ मध्ये पनामाच्या परिषदेत त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी आली. गंगेच्या डॉल्फिनचे चित्र टपाल तिकिटावर, शाळेच्या भिंतीवर असते. हे आपल्या खोऱ्यातले कासव परभणीच्या शाळेतल्या किती मुलांना ओळखता येईल?

सगळेच गेले असे मात्र नाही, आणि तसे रडगाणे गाणे खोटेपणा होईल. नाथसागरासारख्या उथळ जलाशयांनी हिवाळी पाहुण्यांना मोठे घर दिले. रोहित आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब तिथे दिसतात. १९८६ मध्ये जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झाले. वर नांदूर मधमेश्वरही मूळचा बंधाराच. तो राज्यातला पहिला रामसर दर्जाचा पाणथळ प्रदेश ठरला. शेतात ऊस आणि सोयाबीन वाढले तशी रानडुकरे, रोही आणि हरणांचे कळपही वाढले. त्यांनी रात्रीत फस्त केलेल्या पिकाचा शेतकऱ्याला होणारा संताप खरा आहे, आणि त्याला पक्ष्यांच्या अंड्यांबद्दल सांगायला जाणाऱ्याने आधी पंचनाम्याचे पैसे वेळेवर मिळवून द्यावेत. पण हे विजेते उघड्या पाण्याचे किंवा उघड्या शेताचे. वाहती नदी आणि वाळूचे बेट ज्यांचे घर, त्यांच्या बदल्यात हे आले, असे म्हणून हिशेब जुळत नाही.

उत्तरेकडे पाहिले तर आपला आळस अधिक दिसतो. केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये गंगेसाठी किमान पर्यावरणीय प्रवाहाची अधिसूचना काढली. उगमापासून हरिद्वारपर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या महिन्यांत सरासरी प्रवाहाच्या वीस टक्के, पावसाळ्यात तीस टक्के पाणी सोडणे धरणांना बंधनकारक झाले. खाली कानपूरपर्यंतच्या बंधाऱ्यांनाही किमान आकडे घालून दिले. अंमलबजावणीवर वाद आहेत, तरी नदीला स्वतःचा वाटा असतो हे कागदावर आले. मार्च २०२५ मध्ये नदी-डॉल्फिनची पहिली देशव्यापी गणना प्रसिद्ध झाली: ६,३२७. उत्तरेच्या गंगेला डॉल्फिनच्या रूपाने एक मोजता येणारा साक्षीदार मिळाला. दक्षिणेच्या गंगेसाठी अशी अधिसूचना नाही. तिचा साक्षीदार कोण ठरवायचा, हे परभणीसारख्या जिल्ह्यांनी सांगायला हवे. सुरय आणि लीथचे कासव ही दोन नावे मी सुचवतो.

यासाठी बंधारे पाडायला नकोत, नवा लवादही नको. पाच बंधाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या एखाद्या दाराखालून फेब्रुवारी ते मे बारीक धार चालू ठेवता येईल, इतपत पाणी साठ्याच्या नियोजनात आधीच वेगळे काढता येते. ते पुढच्या बंधाऱ्यातच जाते, वाया जात नाही. संगमाजवळचा एक आणि गंगाखेडच्या वरचा एक असे दोन पट्टे वाळूच्या लिलावातून कायमचे वगळता येतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाला आणि काठच्या महाविद्यालयांना दरवर्षी एप्रिलमध्ये घरटी मोजण्याचे काम देता येते. भोयांना सोबत घेतले तर डोहांची नावेही त्याच वहीत लिहून होतील, ती माहिती असलेली पिढी अजून हयात आहे तोवर. आणि उन्हाळी आवर्तने ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत पालकमंत्री, आमदार, अभियंते आणि लाभधारक बसतात. तिथे वन विभागाच्या अधिकाऱ्याला एक खुर्ची द्यावी आणि विषयपत्रिकेवर एक ओळ घालावी, की नदीपात्रात पाणी कोणत्या तारखेला सोडणार आणि त्या आधी बेटे कोणी पाहून आले. ही बैठक दरवर्षी होतेच, खर्च शून्य. पुढची बैठक रब्बीच्या आधी आहे.